अर्धी ओळ फारुखभाईंची

जहिदा मणियार यांचा वर्ग मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आत भांडण चाललंय असंच मला वाटलं. नाशकातल्या एका महापालिका शाळेत मी चित्रकला शिकवायला नुकतीच लागले होते. व्हरांड्यातून जाताना पहिलीच्या वर्गातून एका बाईंचा आवाज आला, मध्येच तुटला आणि सगळा वर्ग मिळून एकच शब्द ओरडला. मी खिडकीतून डोकावले. खुर्ची रिकामी होती. डोक्यावर पदर घेतलेल्या एक ठेंगण्या बाई मुलांच्या मधोमध फरशीवर बसल्या होत्या आणि म्हणत होत्या,

"ओझरच्या ओट्यावर उंदीर बसला,
ओला पापड पाहून खुदकन..."

"हसला!" वर्ग पुन्हा ओरडला. खिडकीजवळची एक मुलगी तर ओरडताना जागेवरून उडालीच.

मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे हो?"

"कुठल्याच नाही," त्या डबा उघडत म्हणाल्या. "सकाळी भाकरी करताना सुचलं. पापड मात्र खरा होता. ओला राहिला म्हणून ओट्यावर टाकला होता."

पुढे त्या माझ्या जहिदाताई झाल्या. त्यांनी यमकं करायची आणि मी चित्रं काढायची, असं आम्ही तीस वर्षांच्या आसपास केलं. त्यांच्याविषयी, आणि त्याहून जास्त त्यांच्या शेवटच्या काही वर्षांविषयी, लिहून ठेवावं असं मला वाटतं. फारुखभाईंना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, विचारूनच लिहिते आहे.

जहिदाताईंचे वडील जुन्या नाशकात बांगड्या भरायचे. काचेची बांगडी हातात चढवताना अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडते आणि लहान मुली तिथंच रडायला लागतात. वडिलांनी त्यावर तोड काढली होती. मुलीचा हात हातात घेऊन ते अर्धीच ओळ म्हणायचे, "बांगडी निळी, गालावर..." मुलगी शब्द शोधायला लागायची, "खळी!" म्हणायची, आणि तोवर बांगडी मनगटावर पोहोचलेली असायची. घरात ते दखनी हिंदीत बोलत, दुकानात मराठीत. दुकानात एका कोपऱ्यात बसून हे सगळं बघणाऱ्या छोट्या जहिदाला वाटायचं, मराठी ही दुखू नये म्हणून बोलायची भाषा आहे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, हसत हसत.

आमच्या शाळेत पहिलीला येणारी मुलं नाना घरांतली. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी आणखी काही. पुस्तकातली मराठी ऐकून कित्येक मुलं नुसती बघत राहायची. एका वर्षी हर्षाली नावाची मुलगी आली. तिचे आईवडील सुरगाण्याकडचे, द्राक्षाच्या बागांवर कामाला आलेले. दिवाळी उलटून गेली तरी हर्षालीनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. जहिदाताई तिला एकही प्रश्न विचारत नसत. फक्त ओळ अर्धी सोडताना तिच्याकडे बघायच्या. मग एक दिवस त्यांनी तिच्या गावाकडची नाचणी ओळीत आणली, "नागलीची भाकर, तिच्यावर..." आणि बाकीची मुलं तोंड उघडायच्या आत हर्षाली हळूच म्हणाली, "साखर."

जहिदाताईंनी काही विशेष घडलंच नाही अशा थाटात पुढची ओळ घेतली. शाळा सुटल्यावर मात्र नळाखाली तोंड धूत किती तरी वेळ उभ्या राहिल्या. होळीच्या सुमारास हर्षालीचे आईवडील गावी परत गेले, तिला घेऊन. पुन्हा ती आली नाही. तिचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पहिलं पुस्तक निघालं ते खंडेराव पगार यांच्यामुळे. ते मूळचे नामपूरचे. भद्रकालीत त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका द्यायला आम्ही दोघी गेलो असताना जहिदाताईंनी सहज एक यमक म्हणून दाखवलं. खंडेराव मशीन थांबवून बाहेर आले.

"पुन्हा म्हणा बरं ताई."

जहिदाताईंनी पुन्हा म्हटलं:

"मांजर निघालं मालेगावा,
म्हणे, मला कुणी अडवून दावा!
पिंपळगावी दूध दिसलं,
मांजर तिथंच जाऊन बसलं."

"हाई मांजर भारी शे!" खंडेराव आपल्या अहिराणीत म्हणाले आणि पत्रिकांच्या उरलेल्या गुलाबी कागदावर पुस्तक छापायचं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. मी मांजराचे गाल फुगवून काढले. पानोपानी नवं गाव, नवा मोह, आणि मांजर काही मालेगावला पोहोचत नाही. मुलं विचारायची, "बाई, ते कधी पोचणार?" जहिदाताई म्हणायच्या, "पोचलं की पुस्तक संपेल. संपवायचं का?" मुलं लगेच "नको, नको" म्हणायची.

मग पुस्तकं येत राहिली. शाळांच्या वाचनालयांत ती कधी धड राहिली नाहीत. शिवण उसवलेली, कोपरे चावलेले, मधलं पान गायब. एखादी आई पुस्तकांच्या दुकानात येऊन सांगायची, पान फाटलंय पण पोराला तोंडपाठ आहे, तरी त्याला पुस्तक हातात लागतं. पुढं पुढं ज्यांनी ती लहानपणी म्हटली होती, तेच आपल्या मुलांसाठी न्यायला येऊ लागले आणि दुकानातच अर्धी पुस्तकं घडाघडा म्हणून दाखवू लागले.

एका मेळाव्यात एक वक्ते म्हणाले की यमकाचे दिवस आता गेले, आजच्या मुलाला ते पोरकट वाटतं. जहिदाताई पहिल्या रांगेत होत्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, "प्रतिभा, लहान मुलाच्या हातात काय असतं गं? आई कधी येणार, बाबा का चिडले, उद्या शाळेत सोडायला कोण येणार, सगळं दुसऱ्याच्या हातात. ओळीच्या शेवटी कुठला शब्द येणार ते मात्र त्याला आधीच कळतं. आणि तो खरंच येतो. दिवसभरात अशी खरी झालेली दुसरी गोष्ट त्याला कुठं मिळते?"

लोक त्यांचं कौतुक करायचे. त्यात एक वाक्य हमखास असायचं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" त्या मान हलवून हसायच्या. एकदाच माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "माझंच आहे, छान असायला काय झालं."

दर संक्रांतीला आमच्या शिक्षकांच्या खोलीत हळदीकुंकू व्हायचं. तिळगूळ घ्यायला जहिदाताईही यायच्या आणि सगळ्याजणी त्यांच्या मागे लागायच्या. शहरभरच्या मुलांना यमकं पुरवणारी बाई, एक उखाणा घ्यायला काय जातं!

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत," त्या म्हणायच्या.

"आमच्यात तरी कुठं घेतात? म्हणून तर उखाणा!" मीना कुलकर्णी म्हणायची.

"मी मांजरांची यमकं करते बाई, माणसांची नाही," म्हणून त्या निसटायच्या. आणि खरंच, "अजी" किंवा "अदिबा के अब्बा" यापलीकडे त्यांच्या तोंडून फारुखभाईंचा उल्लेख मी कधी ऐकला नव्हता.

फारुखभाई नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ रिक्षांची सीटं आणि हूड शिवायचे. उंच, रुंद, हाताला सतत रेक्झिनचा वास. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. देवनागरी म्हणाल तर बसच्या पाट्या अंदाजानं लावता येण्याइतकी. छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे ल्युनावर बांधून तेच आणायचे, पण एकही पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मेरेकू क्या समझता उसमें, प्रतिभाताई. पढ़नेवाले पढ़ते." त्यात कमीपणा नव्हता आणि कुतूहलही नव्हतं. बायकोचं काम बायकोचं, आपलं आपलं.

जहिदाताई निवृत्त झाल्या, मग काही वर्षांनी मीही झाले. मुलगी अदिबा औषधांच्या दुकानात काम करते, लग्न होऊन इंदिरानगरला राहते. हे दोघं वडाळा रोडवरच्या फ्लॅटात. सगळं सुरळीत चाललं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका सकाळी जहिदाताई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. फारुखभाईंनी विचारलं, चाय रखूँ क्या? त्यांनी उत्तर दिलं, पण त्या उत्तरात एकही शब्द नव्हता, नुसते आवाज. फारुखभाईंना आधी वाटलं, गंमत करतेय. मग त्यांना दिसलं की तिच्या उजव्या हातातून काड्या एकेक करून खाली पडताहेत आणि तिला ते कळत नाहीये.

गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात त्यांना नेलं. जीव वाचला. हातापायात हळूहळू थोडी ताकदही आली. पण वाचा गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्यांना सगळं कळतं, काय म्हणायचंय तेही डोक्यात असतं, शब्द मात्र सापडत नाही. एकच शब्द त्यांच्याजवळ उरला होता, "तेच." पाणी हवं असेल तर "तेच." दुखत असेल तर "तेच." मी भेटायला गेले तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं, बराच वेळ ओठांशी झगडल्या, आणि म्हणाल्या, "तेच... तेच." मग भिंतीकडे तोंड फिरवून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी माणसं टाळायला सुरुवात केली. जुने विद्यार्थी यायचे, दाराशी चपला काढायचे. त्या आतून हात हलवून फारुखभाईंना खूण करायच्या की नको. फारुखभाई दारातूनच सांगायचे, सो रही है. अदिबा मला म्हणाली, "मावशी, अम्मी रडते ना, तेव्हा आवाज काढत नाही. आवाज काढला तर 'तेच' असं बाहेर येतं, म्हणून."

असे दोन-अडीच महिने गेले. एका रविवारी अदिबा तिच्या मुलीला, आलिमाला, घेऊन माहेरी आली होती. आलिमा तेव्हा चार वर्षांची. कपाटातून तिनं एक पुस्तक ओढून काढलं आणि आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली. "नाना, पढ़ो."

"तेरी अम्मी पढ़ेगी, वो किचन में है."

"नहीं, आप."

नातीपुढे कुणाचं चालतं? फारुखभाईंनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायला लागले. "मां... जर. मांजर. नि... घा... लं." जहिदाताई समोर पलंगावर पडून होत्या, डोळे मिटून. "म्हणे... मला कुणी... अ-ड-वू-न..." इथं ते अडले. पुढचा शब्द छोटासाच होता, पण त्यावर आलिमाचं बोट होतं.

पलंगावरून आवाज आला, "दावा."

फारुखभाईंनी मान वर केली. जहिदाताईंचे डोळे उघडे होते. त्या स्वतःच घाबरल्यासारख्या दिसत होत्या. फारुखभाईंनी तीच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा स्पष्ट, लख्ख आवाजात उत्तर आलं, "दावा!" मग त्यांनी घाईघाईनं विचारलं, "पानी दूँ? बोलो, पानी?" जहिदाताईंनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "तेच."

फारुखभाईंनी लगेच मला फोन केला. "प्रतिभाताई, वो बोली. किताब का बोली. मेरा नहीं बोलती, किताब का बोलती!"

वाचेवर उपचार करणारी स्नेहा नावाची एक तरुण मुलगी त्यांच्याकडे यायची. ती म्हणाली, "असं होतं काका. गाणं, यमक, पाठांतर यांची जागा मेंदूत थोडी वेगळी असते. नेहमीची वाट बंद झाली तरी ती गल्ली कधी कधी उघडी राहते. याचा अर्थ त्या पूर्वीसारख्या बोलतील असा घेऊ नका. पण गल्ली उघडी आहे तर तिथून जा."

"मतलब मैं क्या करूँ?"

"अर्धी ओळ तुम्ही म्हणा. अर्धी त्यांच्यासाठी सोडा."

दुसऱ्या दिवशी फारुखभाई माझ्या दारात उभे. हातात पुस्तकांची पिशवी. "मेरेकू पढ़ना सिखाओ."

मी चित्रकलेची बाई. अक्षरं शिकवायची माझी ही पहिलीच वेळ. दुपारी त्यांच्या द्वारकेच्या दुकानात आम्ही बसायचो. रेक्झिन कापण्याआधी खुणा करायचा खडू असतो, त्यानंच काळ्या रेक्झिनच्या तुकड्यावर मी अक्षर काढायचे आणि ते त्यावरून गिरवायचे. रिक्षावाले सीट शिवून घ्यायला यायचे, बघत उभे राहायचे. एकानं चेष्टा केली, चाचा, इस उमर में! फारुखभाईंनी खडूवरची नजर न काढता सांगितलं, "तेरी सीट कल मिलेगी. जा."

उन्हाळा संपेपर्यंत ते वाचायला लागले. पावसाळ्यात पुस्तकं पाठ झाली. सकाळी उठल्यापासून घरात अर्ध्या ओळी सुरू व्हायच्या. ते म्हणायचे, त्या संपवायच्या. त्यांचं एक काही केल्या जमायचं नाही, ते म्हणजे "ळ". त्यांच्या तोंडून तो "ल" व्हायचा. एकदा मी समोर होते. ते म्हणाले, "बांगडी निली, गालावर..." जहिदाताईंनी ओळ पूर्ण केलीच नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली, तीच, जी पाढा चुकणाऱ्या मुलासाठी पडायची, आणि त्या कडाडल्या, "निळी!"

फारुखभाई दचकले. मग इतके हसले की चष्मा काढावा लागला. त्यानंतर ते मुद्दाम चुकायला लागले असावेत, असा मला संशय आहे. विचारलं तर कबूल करत नाहीत.

पण पुस्तकातल्या ओळींवर किती दिवस काढणार? मांजराच्या पुस्तकात गोळ्या घ्यायची ओळ नव्हती, पाय दाबून देऊ का हे विचारायची नव्हती. म्हणून फारुखभाईंनी स्वतःच जुळवायला सुरुवात केली, आपल्या मोडक्या मराठीत. ज्या माणसानं आयुष्यात कधी यमक केलं नव्हतं तो गोळी तळहातावर घेऊन म्हणायचा, "गोली आहे कडू, नको आता..." आणि जहिदाताई म्हणायच्या, "रडू." आणि गोळी घ्यायच्या. "चहा केला गरम, बिस्कीट झालं..." "नरम." काही अगदीच फसायची. मग त्या डोळे मोठे करून डाव्या हातानं कपाळ बडवायच्या. हळूहळू काही शब्द यमकाबाहेरही तग धरू लागले. "अदिबा." "पाणी." "बस." माणसांना त्या पुन्हा भेटू लागल्या. एखादा जुना विद्यार्थी आला तर फारुखभाई त्याला दारातच पढवून ठेवायचे की हालहवाल विचारू नको, एखादी ओळ अर्धी म्हण. मोठी माणसं, पोटं सुटलेली, केस पिकलेली, पलंगाशी स्टुलावर बसून उंदराची आणि मांजराची अर्धी ओळ म्हणायची, आणि त्या ती संपवायच्या.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुकानाच्या जागेवरून मालकाशी वाद होऊन फारुखभाई वैतागून घरी आले. मी तिथंच होते, जहिदाताईंच्या डाव्या हातात पेन्सिल देऊन रेघा काढून घेत होते. ते भिंतीशी जाऊन खाली बसले. जहिदाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ओठ हलायला लागले. मग सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तशा त्या म्हणाल्या,

"फारुख... आला... थकून."

आणि थांबल्या. फारुखभाईंनी वर पाहिलं. ही ओळ कुठल्याच पुस्तकातली नव्हती. त्यांचीही नव्हती. आजारानंतर पहिल्यांदा जहिदाताईंनी स्वतःची ओळ केली होती आणि दुसरी अर्धी त्यांच्यासाठी सोडली होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं, तेही उखाण्यात.

फारुखभाईंना शब्द सापडेना. "बसून?" ते म्हणाले. जहिदाताईंनी नकारार्थी मान हलवली. "रुकून?" पुन्हा नाही. शेवटी जहिदाताईंनीच ओळ पूर्ण केली, "भिंतीला बसला... टेकून."

फारुखभाई उठून गॅलरीत गेले. बराच वेळ आत आले नाहीत. मी चहा केला. तो गार झाला.

खंडेरावांच्या कानावर हे सगळं गेलं होतं. आता ते थकले होते, छापखाना मुलगा बघत होता, पण ते स्वतः आले. म्हणाले, "ताई, या नव्या ओळी मला द्या. तुम्ही दोघांनी मिळून केलेल्या. शेवटचं... म्हणजे नवं पुस्तक काढू. प्रतिभाताई चित्रं काढतील. लोक डोक्यावर घेतील." ते मनापासून बोलत होते. मलाही क्षणभर मोह झाला. चित्रं डोळ्यांसमोर येऊ लागली होती.

जहिदाताईंनी ऐकून घेतलं. फारुखभाईंकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "नको."

ना आधी अर्धी ओळ, ना यमक. सरळ एक शब्द. हा शब्द त्यांच्या घरच्या दखनीतही होता आणि शाळेतल्या मराठीतही. दोन्हीकडे अर्थ एकच. खंडेरावांनी मान डोलावली. निघताना जिन्यात फारुखभाई त्यांना म्हणाले, "बुरा मत मानना पगारसाब. मुलांसाठी लिहिलेलं मुलांचं आहे. हे घरातलं आहे." इथं ज्या चार ओळी मी दिल्या आहेत त्या त्यांनीच निवडून दिल्या. बाकीच्या मला ठाऊक आहेत, पण मी लिहिणार नाही.

अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. जहिदाताई पुन्हा लिहू शकल्या नाहीत. त्यांना गोष्ट सांगता आली नाही, फोनवर बोलता आलं नाही. आलिमाला मात्र त्यांनी मराठी शिकवली, अर्ध्या ओळींतून. ती इंग्रजी शाळेत जाते, घरी हिंदी बोलते, आणि तिचा "ळ" आजोबांपेक्षा कितीतरी चांगला आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना दुसरा झटका आला. या वेळी अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. आत एकालाच सोडायचे, तेही थोडा वेळ. फारुखभाई जायचे. नळ्यांमधून वाट काढून त्यांच्या कानाशी वाकून ओळ म्हणायचे, अर्धी, आणि थांबायचे. अदिबा काचेतून बघायची. तिनं मला सांगितलं, "मावशी, अब्बा एक ओळ म्हणतात, मग वाट बघतात. मग दुसरी. एकही ओळ स्वतः पूर्ण करत नाहीत. नर्स म्हणाली, काका, तुम्हीच म्हणून टाका ना पुढचं. तर म्हणाले, वो उसका है."

तिसऱ्या दिवशी दुपारी जहिदाताई गेल्या.

आम्ही बायका घरीच थांबलो. कबरस्तानात काय झालं ते अदिबाच्या नवऱ्यानं, उमरनं, नंतर सांगितलं. इतकी माणसं येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. भाजीबाजारातले, रिक्षावाले, एक पोलीस, बँकेतला एक अधिकारी. कित्येकांना तिथं कसं उभं राहायचं ते माहीत नव्हतं. खिशातले हातरुमाल डोक्याला बांधून ते मागे रांगेत उभे होते. बाकीचे करतील तसं करत होते. प्रत्येकानं मूठभर माती दिली आणि सगळे परत फिरले.

संध्याकाळी फारुखभाई आले. पलंगावर न बसता खाली बसले. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं आलिमा आली आणि त्यांच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. तिनं ओळ म्हणायला सुरुवात केली नाही, याबद्दल मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. त्या दिवशी अर्धी ओळ कुणालाच सोसली नसती.

आता ते अदिबाकडे राहतात. दुकान बंद केलं. दुपारी जवळच्या बालवाडीत जाऊन बसतात. तिथल्या बाईंनीच बोलावलं. मुलं भोवती गोळा होतात, हे अर्धी ओळ म्हणतात, मुलं पुढचा शब्द ओरडतात. मी एकदा पाहायला गेले होते. मुलं "ळ" वरून त्यांना हसतात आणि ते रागावत नाहीत. पण तिथून घरी येईपर्यंत ते कुणाशी बोलत नाहीत, असं अदिबा सांगते.

सकाळी ते मराठी वर्तमानपत्र वाचतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट. शब्द अडला की मला फोन करतात. परवा केला होता.

"प्रतिभाताई, पोरका मतलब?"

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग सांगितलं, "ज्याचं मायेचं माणूस गेलं, तो."

पलीकडे वर्तमानपत्राचा कागद वाजला. "अच्छा," ते म्हणाले. "यहाँ लिखा है, निफाड की तरफ उसाच्या शेतात बिबट्याचा बछडा सापडला. आई नाही मिलाली." आणि मग त्यांनी मला पुढची बातमी वाचून दाखवली. वनखात्याची माणसं कशी आली, बछड्याला टोपलीत घालून रात्र होण्याआधी परत त्याच शेतात कसं ठेवलं, आई घ्यायला येते का म्हणून लांब उभं राहून कशी वाट बघितली. सगळी बातमी, सावकाश, एकदाही न अडता.

"आली का आई?" मी विचारलं.

"लिखा नहीं," फारुखभाई म्हणाले. "कल के पेपर में देखता."